यजमान, पाहुणा आणि छायाचित्र



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले नाही. परंतु त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांशी माझा दीर्घ स्नेह आहे. मराठी शब्दाचे मूळ शोधता शोधता गुरुजी समाजाच्या मुळाशी जात असत, असे त्यांच्याकडून मी अनेकदा ऐकले आहे. आजचा विषय निवडताना त्या आठवणींचा आधार वाटला. एरवी मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने प्रवाशांना घरे भाड्याने देण्याच्या व्यवसायावर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. पण आपल्या या बडोद्यातील काही माजी विद्यार्थ्यांनी जुन्या वाड्यांतले वरचे मजले अशा रीतीने प्रवाशांना देण्यास आरंभ केला आहे. परदेशी असलेले विद्यार्थी तर प्रवासात हॉटेलाऐवजी अशाच घरी उतरतात. तेव्हा विषय आपल्या उंबरठ्याशी येऊन ठेपला आहेच.

या व्यवसायातील सर्वांत ठाऊक असलेले नाव एअरबीएनबी. २००८ साली सॅन फ्रान्सिस्को येथे ही कंपनी निघाली. कंपनीचे स्वतःचे एकही घर नसताना ती जगभर घरे उपलब्ध करून देऊ लागली. कोणीतरी आपली खोली वा घर जाहीर करावे, प्रवाशाने तारखा कळवून विनंती करावी आणि यजमानाने ती स्वीकारावी किंवा नाकारावी, असा हा व्यवहार. हॉटेलच्या कारकुनाला गिऱ्हाईक निवडण्याची मुभा नसते. येथे यजमानाला ती मिळाली. आणि निवडण्यासाठी त्याच्यापुढे काय होते? प्रवाशाचे पहिले नाव, त्याने स्वतःविषयी लिहिलेल्या चार ओळी, पूर्वीच्या यजमानांचे अभिप्राय आणि त्याचे छायाचित्र.

छायाचित्रामागचा हेतू वाईट नव्हता. अनोळखी माणूस आपल्या घरी निजणार. त्याचा चेहरा दिसला की भीती थोडी ओसरते, ही मानवी गोष्ट आहे. शंका एवढीच की, चेहरा पाहून भीती ओसरते, तशी चेहरा पाहूनच ती उपजतही नाही काय?

या शंकेचा शोध अमेरिकेत शिस्तीने घेतला गेला. हार्वर्डच्या व्यवसायशाळेतील बेंजामिन एडलमन आणि मायकेल लुका यांनी २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या घरांचा अभ्यास मांडला. तेथे यजमानांचीही छायाचित्रे असत. जागा, वस्ती आणि सोयी सारख्या धरल्या, तरी कृष्णवर्णीय नसलेल्या यजमानांना कृष्णवर्णीय यजमानांपेक्षा सुमारे १२ टक्के अधिक भाडे मिळत होते. म्हणजे खोली तीच, खाट तीच. दारात उभ्या असलेल्या मालकाच्या रंगाचा भाव वेगळा.

पुढचा अभ्यास पाहुण्यांविषयी होता आणि तो अधिक बोलका आहे. एडलमन, लुका आणि डॅन स्विर्स्की यांनी जुलै २०१५ मध्ये बाल्टिमोर, डॅलस, लॉस एंजेलिस, सेंट लुइस आणि वॉशिंग्टन या पाच शहरांतील सुमारे ६,४०० यजमानांना विनंत्या पाठविल्या. विनंती करणारे प्रवासी काल्पनिक होते आणि त्यांच्या माहितीत नावाखेरीज काहीही वेगळे नव्हते. काही नावे गौरवर्णीयांत रूढ, काही आफ्रिकी-अमेरिकी समाजात रूढ. पहिल्या प्रकारच्या नावांना सुमारे ५० टक्के यजमानांनी होकार दिला, दुसऱ्या प्रकारच्या नावांना सुमारे ४२ टक्के यजमानांनी. यजमान पुरुष की स्त्री, घर स्वस्त की महाग, यजमान त्याच घरात राहणारा की अन्यत्र, याने निष्कर्ष फारसा बदलला नाही. यजमान स्वतः कृष्णवर्णीय असला तरीही भेद आढळला. हा अभ्यास २०१७ मध्ये अर्थशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

यातील दोन तपशील मला फार मोलाचे वाटतात. एक असा की, ज्यांनी नकार दिला त्यांतील बहुतेकांना त्या तारखांसाठी दुसरा पाहुणा मिळालाच नाही. खोली रिकामी राहिली. पूर्वग्रह हा फायद्याचा हिशेब असतो असे काही अर्थशास्त्रज्ञ सांगत आले. येथे माणसे स्वतःचे नुकसान करून घेऊनही पूर्वग्रह जपत होती. दुसरा तपशील असा की, ज्या यजमानांकडे पूर्वी एखादा कृष्णवर्णीय पाहुणा राहून गेल्याचे अभिप्रायांवरून दिसत होते, त्यांच्याकडे हा भेद आढळला नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या प्रयोगातील प्रवाशांची छायाचित्रेच नव्हती! केवळ नावाने हे घडले. तेव्हा छायाचित्र झाकले की न्याय झाला, असे म्हणणाऱ्यांनी थोडे थांबावे.

येथे मी क्षणभर माझ्या जुन्या धंद्याकडे, शब्दांकडे वळतो. 'अतिथी' म्हणजे ज्याच्या येण्याला तिथी नाही तो, अशी व्युत्पत्ती परंपरेने सांगितली जाते. 'पाहुणा' हा संस्कृत 'प्राघुण' शब्दापासून आलेला. दोन्ही शब्दांत तो कोण, कुठला, कोणाचा, याचा उल्लेख नाही. आहे ते केवळ येणे. पराशरस्मृतीत तर अतिथीला गोत्र आणि चरण विचारू नये, असेच सांगितले आहे. याचा फार अभिमान बाळगण्याचे मात्र कारण नाही. ज्या स्मृतींनी हे सांगितले त्यांनीच कोणाला ओसरीवर आणि कोणाला गावकुसाबाहेर ठेवावे याचेही नियम केले. तरीही तो नियम बारकाईने पाहण्यासारखा आहे. तो यजमानाला प्रेमळ व्हायला सांगत नाही. काय विचारायचे नाही, ते सांगतो.

आणि मग आपल्या बडोद्याकडे यावे लागते. येथे बसलेल्या पुष्कळांना ती हकीकत ठाऊक आहे. तरी तरुण मंडळींसाठी सांगतो. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून परतलेले भीमराव आंबेडकर १९१७ मध्ये संस्थानच्या सेवेसाठी या गावी आले. उतरायला जागा मिळेना. हिंदूंच्या खानावळी त्यांना बंद होत्या. अखेर ते एका पारशी धर्मशाळेत गेले. ती केवळ पारश्यांसाठी होती. पण तिथे दुसरा कोणी उतारू नव्हता आणि रखवालदारालाही उत्पन्न हवे होते. तेव्हा तडजोड अशी निघाली की, नोंदवहीत पारशी नाव लिहावे आणि राहावे. ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला एक जमाव जिना चढून आला आणि त्यांना बाहेर काढले. दोन मित्रांकडे आसरा मागून झाला, पण तो मिळाला नाही. मग गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, बसून राहिले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मपर लेखनात त्यांनी हे स्वतः नोंदविले आहे.

या प्रसंगाकडे आपण एरवी थोर पुरुषाच्या आयुष्यातील वेदना म्हणून पाहतो आणि ते योग्यच आहे. आज मला त्यातील व्यवहार दाखवायचा आहे. खोली रिकामी होती, पैसे देणारा पाहुणा हजर होता, दहा दिवसांत कोणाची काही तक्रार नव्हती. चेहरा रखवालदाराने पहिल्याच दिवशी पाहिला होता. चेहऱ्याने काही सांगितले नाही. सांगितले ते नावाने. अमेरिकेत वर्ण चेहऱ्यावर लिहिलेला असतो, म्हणून तेथे वाद छायाचित्राचा झाला. आपल्याकडे तो मजकूर आडनावात असतो. भाड्याच्या घरासाठी दूरध्वनी केला की पलीकडून "पूर्ण नाव काय म्हणालात?" असा प्रश्न येतो, त्यातील 'पूर्ण' या शब्दावरचा जोर ज्यांना ऐकू येतो त्यांनाच ऐकू येतो. आपले विदर्भातील अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांचा जो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात हेच प्रयोगाने दाखविले आहे. उच्चवर्णीय आडनावाला उघडणारी दारे दलित आडनावाला अनेकदा उघडली नाहीत आणि मुस्लिम नावाला त्याहूनही कमी उघडली.

आता एक जुना अमेरिकी प्रयोग सांगतो, कारण त्यामुळे प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. स्टॅनफर्डचे समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर यांनी १९३० नंतरच्या दोन वर्षांत एका तरुण चिनी दांपत्यासह अमेरिकेत मोठा प्रवास केला. तेव्हा चिनी लोकांविषयी तेथे उघड तिरस्कार होता. तरीही २५१ हॉटेले व खानावळींपैकी केवळ एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. काही महिन्यांनी लापिएर यांनी त्याच ठिकाणांना पत्र घालून विचारले, 'आपण चिनी गिऱ्हाईक घ्याल काय?' उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिकांनी 'नाही' असे कळविले. ज्यांनी प्रत्यक्ष वाढले, निजविले, तेच कागदावर नाही म्हणत होते.

लापिएर स्वतः बरोबर होते, उत्तर देणारा माणूस आणि स्वागत करणारा माणूस वेगळा असू शकेल, हे आक्षेप खरेच आहेत. तरी मुख्य गोष्ट उरते. कागदावरच्या 'चिनी' या शब्दाला नाही म्हणणे सोपे असते; हातात पेटी घेतलेल्या, दमलेल्या, हसतमुख दांपत्याला नाही म्हणणे अवघड. आता विचारायचे ते हे की, पडद्यावरचे अंगठ्याएवढे छायाचित्र या दोहोंपैकी कोणाच्या जवळचे? आपल्याला वाटते ते चेहऱ्याच्या जवळचे. माझे मत असे की, ते पत्राच्या जवळचे आहे. त्यात माणूस नसतो; त्याची जात, वर्ण, वय, कपडे यांची वर्दी असते. आणि त्या वर्दीला नाही म्हणताना समोर कोणी उभे नसते.

येथे एक आक्षेप हमखास येतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. 'घर माझे आहे. माझ्या घरात कोणी यावे हे मी ठरवीन.' अमेरिकेच्या कायद्यालाही हा आक्षेप ऐकावा लागला होता. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेले आणि पथिकगृहे यांत वर्णभेदास मनाई केली. परंतु जेथे मालक स्वतः राहतो आणि भाड्याच्या खोल्या पाचांहून अधिक नाहीत, ती जागा वगळली. कायद्यावरील चर्चेत 'मिसेस मर्फी' नावाच्या एका काल्पनिक विधवेचे उदाहरण सारखे येई. बिचारी दोन-चार खोल्या देऊन पोट भरते, तिच्यावर सक्ती कशाला? आजही ती सवलत 'मिसेस मर्फी' याच नावाने ओळखली जाते. त्या वेळी अशा खोल्या हा प्रवासाच्या मोठ्या व्यवसायातील किरकोळ भाग होता. पुढे एका कंपनीने लक्षावधी मर्फीबाई एका दुकानात आणून बसविल्या. सवलत होती तेवढीच राहिली, दार मात्र महाद्वार झाले.

एकट्या राहणाऱ्या स्त्रीची भीती ही मी पूर्वग्रहात मोजत नाही. कंपनीच्या नियमांतही, यजमान ज्या घरात स्वतः पाहुण्याबरोबर राहतो तेथे आपल्याच लिंगाचे पाहुणे घेण्याची मुभा ठेवलेली आहे आणि ती रास्त आहे. पण 'घर माझे आहे' या वाक्याचा जोर घराला भाव लावला त्या दिवशी कमी होतो. ज्याला कोणालाच घरात घ्यायचे नाही त्याला कोणी विचारीत नाही. ज्याने दारावर पाटी लावली, त्याला पाटी वाचून आलेल्यांत निवड करताना कारण द्यावे लागेल, आणि चेहरा हे कारण नव्हे.

२०१६ साली हा विषय अमेरिकेत चव्हाट्यावर आला. शिकागोच्या एका तरुण कृष्णवर्णीय स्त्रीने आपल्याला मिळालेले नकार जाहीर केले आणि तसे अनुभव आलेल्या शेकडो लोकांनी आपापली हकीकत सांगितली. व्हर्जिनियातील एका तरुणाने तर न्यायालयात धाव घेतली. त्याचे म्हणणे असे की, स्वतःच्या नावाने मागितलेली जागा मिळाली नाही, आणि गौरवर्णीय पुरुषांची नावे व छायाचित्रे लावून मागितली तेव्हा लगेच मिळाली. न्यायालयाने त्याचे प्रकरण लवादाकडे पाठविले, कारण नाव नोंदविताना त्याने मान्य केलेल्या अटींत तसे कलम होते. (बारीक टंकातील अटी न वाचता मान्य करणे हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.)

कंपनीने मग लॉरा मर्फी या नागरी हक्कांच्या क्षेत्रातील अनुभवी कार्यकर्तीकडून अहवाल करून घेतला. आडनावाचा हा योगायोग! सप्टेंबर २०१६ च्या त्या अहवालानंतर प्रत्येक सभासदाकडून भेद न करण्याचे वचन घेण्यास प्रारंभ झाला. मला त्यातील एक लहानशी तरतूद वचनापेक्षा अधिक मोलाची वाटते. यजमानाने 'त्या तारखांना जागा रिकामी नाही' असे सांगून एकाला नाकारले, तर त्या तारखा इतरांसाठीही आपोआप बंद व्हाव्यात, अशी योजना ठरली. 'घर आत्ताच दिले हो' हे वाक्य आपल्याकडेही किती जणांनी ऐकले असेल! त्या वाक्याला पाठपुरावा नसतो म्हणून ते चालते. येथे ते खरे करून दाखवावे लागणार होते.

छायाचित्राचा निर्णय ऑक्टोबर २०१८ मध्ये आला. यजमानाने होकार दिल्यानंतरच पाहुण्याचे छायाचित्र त्याला दिसेल, असे कंपनीने जाहीर केले. छायाचित्र काढून टाकले नाही. त्याची जागा बदलली. काहींनी याला दिखाऊ उपाय म्हटले. होकार दिल्यावर चेहरा पाहून यजमान आरक्षण मोडू शकतोच की!

शकतो. कॅलिफोर्नियातील बिग बेअर या डोंगराळ गावी फेब्रुवारी २०१७ मध्ये तसे घडले होते. बर्फात वाट काढीत ठिकाणाजवळ पोहोचलेल्या एका आशियाई वंशाच्या विद्यार्थिनीचे आरक्षण यजमान स्त्रीने ऐन वेळी मोडले आणि कारण म्हणून तिचा वंशच कळविला. पण पुढे काय झाले ते पाहावे. कळविलेला मजकूर शिल्लक होता, आरक्षण दिल्याची नोंद होती. राज्याच्या यंत्रणेपुढे प्रकरण गेले आणि तडजोडीत त्या स्त्रीला ५,००० डॉलर भरपाई द्यावी लागली, क्षमा मागावी लागली आणि आशियाई-अमेरिकी समाजाच्या अभ्यासाचा एक पाठ्यक्रम पुरा करण्याचे मान्य करावे लागले.

माझा मुद्दा येथेच आहे. आधी पाहून दिलेला नकार हा जणू घडतच नाही. त्याला साक्षीदार नाही, नाकारल्या गेलेल्यालाही खात्री नसते की नेमके काय झाले. नंतर पाहून मोडलेला शब्द ही घटना असते. तिला तारीख असते, मोडणारा असतो, आणि शब्द मोडण्याची लाज ही भेद करण्याच्या लाजेहून आपल्या समाजांत अजून तरी जुनी आणि पक्की आहे. यजमानाचे मन बदलले की नाही, हे कोणत्याही नियमाला कळत नाही. माहिती कोणत्या क्रमाने कळावी, हे मात्र नियमाला ठरविता येते. आधी होकार, मग चेहरा. मराठीत आपण 'ओळख पटविणे' आणि 'ओळख काढणे' असे दोन प्रयोग करतो. प्रवासी आला की त्याचे ओळखपत्र पाहावे, परदेशी असेल तर ठरलेल्या मुदतीत सरकारी नमुन्यात त्याची नोंद करावी. ही ओळख पटविणे झाली आणि ती यजमानाच्या सुरक्षिततेसाठी हवीच. ओळख काढणे म्हणजे तुम्ही कुठले, कोणाचे, आमच्यातले का, हे पाहणे. छायाचित्राने या दोन क्रिया एकात मिसळून टाकल्या होत्या. २०१८ च्या बदलाने त्या वेगळ्या केल्या.

नाव मात्र राहिले होते. ओरेगन राज्यात काही कृष्णवर्णीय स्त्रियांनी कंपनीवर दावा केला होता. तो २०१९ मध्ये समेटाने मिटला. त्या समेटाला अनुसरून जानेवारी २०२२ च्या अखेरीपासून तेथील रहिवासी असलेल्या पाहुण्यांचे नाव होकारापूर्वी न दाखविता केवळ आद्याक्षर दाखवावे, असे ठरले. आपल्याकडे आद्याक्षरे पहिल्या नावाची घालण्याची आणि आडनाव पूर्ण लिहिण्याची रीत आहे. तेव्हा हा उपाय येथे जसाच्या तसा आणला तर झाकायचे ते उघडे राहील आणि उघडे चालले असते ते झाकले जाईल. भारतीय यजमानापुढे आडनाव होकारानंतरच यावे, एवढे साधे पथ्य येथे पाळण्यासारखे आहे. स्वतःच्या वाड्याचा मजला देणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी तेच सांगतो. दूरध्वनीवर तारखा, माणसे किती आणि किती वाजता येणार, एवढेच विचारावे.

या साऱ्यातून फरक किती पडला? २०२० मध्ये कंपनीने नागरी हक्कांच्या संघटनांच्या सल्ल्याने मोजणीची एक योजना हाती घेतली. तिच्यातील पेच मोठा चमत्कारिक आहे. कोणाशी भेद होतो हे मोजायचे तर कोण कोणत्या वर्णाचा दिसतो हे ठरवायला हवे. म्हणजे यजमानापासून जे झाकले तेच छायाचित्र मोजणाऱ्याला पाहावे लागणार. त्यासाठी बाहेरच्या लोकांकडून, खातेदाराची इतर माहिती न देता, नाव व छायाचित्रावरून केवळ दिसणारा वर्ण नोंदवून घेण्यात आला. डिसेंबर २०२२ मध्ये निष्कर्ष आले. २०२१ साली अमेरिकेत गौरवर्णीय वाटणाऱ्या पाहुण्यांची ९४.१ टक्के आरक्षणे पार पडली, तर कृष्णवर्णीय वाटणाऱ्यांची ९१.४ टक्के. २०१५ च्या प्रयोगाशी या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही, कारण मोजण्याच्या रीती वेगळ्या आणि मध्यंतरी यजमानाच्या होकाराविनाच आरक्षण होण्याची पद्धत पुष्कळ वाढली. अंतर उरलेले आहे, आणि ते कंपनीनेच जाहीर केले आहे, ही गोष्ट तिच्या जमेस धरली पाहिजे. आपल्या देशात घर भाड्याने देणाऱ्या कोणत्याही धंद्याने आडनावानिहाय अशी मोजणी स्वतः करून छापली, असे माझ्या वाचनात आलेले नाही.

एक बाजू मात्र या सुधारणेत जशीच्या तशी राहिली. पाहुण्याचा चेहरा यजमानापासून झाकला. यजमानाचा चेहरा पाहुण्याला पहिल्यापासून दिसतोच. न्यूयॉर्कमधील त्या १२ टक्क्यांचा हिशेब यजमानांच्याच छायाचित्रांचा होता, हे आपल्याला आठवत असेल. घर निवडताना त्या घराच्या मालकाचे नाव वाचून पुढच्या घराकडे सरकणारा प्रवासी कोणाला नकार देत नाही, कोणाचा शब्द मोडीत नाही. तो फक्त पान उलटतो. त्याची नोंद कोठेही होत नाही. येथे बसलेले आपण बहुतेकजण यजमान नव्हे तर प्रवासीच आहोत. प्रश्नोत्तरांसाठी अध्यक्षांनी वेळ राखून ठेवला आहे. या बाजूविषयी तरुण मंडळींना काय सुचते ते ऐकण्याची मला उत्सुकता आहे.